पलीकडचा डोळा मोठाच का येतो? रोज सराव करूनही न जाणाऱ्या चुकीचा माग

अडचण साधारण अशी असते. सहा-आठ महिने तुम्ही रोज वही उघडून बसता. पानं भरतात, पेन्सिली झिजून बोटभर उरतात, रेघ पूर्वीपेक्षा मोकळी येते, छटाही बऱ्या पडायला लागतात. आणि तरीही प्रत्येक चित्रात एक ठरावीक जागा बिघडलेली असते. कुणाचे चेहरे दर वेळी लांबट होतात, कुणाची उभी आकृती दर वेळी एका अंगाला कलते, कुणाच्या पेल्याचं तोंड वाजवीपेक्षा गोल आणि बूड मात्र सपाट येतं. वर्षभरापूर्वीची वही काढून शेजारी ठेवावी, तर चूक तीच. फरक इतकाच, की आता ती सफाईने काढलेली असते.

माझी चूक पलीकडच्या डोळ्याची. चेहरा थोडा वळलेला असला, ज्याला थ्री-क्वार्टर म्हणतात तसा, की लांबचा डोळा मी जवळच्याइतकाच रुंद काढायचे. मग त्याच्यामागे गालही पसरायचा आणि अख्खा चेहरा इस्त्री केल्यासारखा चपटा दिसायचा. जवळपास दीड वर्ष मी ही चूक सांभाळली.

‘काढत राहा, हात बसला की जाईल’ हा सल्ला मला सगळ्यांनी दिला आणि तो निम्मा खरा आहे. रेघ थरथरली तर ती त्याच क्षणी दिसते, पुढची रेघ आपण सावरून काढतो, त्यामुळे रेघ सरावाने सुधारतेच. जागा आणि माप यांचं तसं नाही. डोळा कुठे बसवायचा हे ठरवताना जी नजर फसली, तीच नजर पुढे तपासनीस म्हणून बसते. ती म्हणते, बरोबर आहे. मग त्याच चुकीचा सराव होतो, आणि सरावाने चूक पक्की होते.

कौशल्य कसं घडतं यावर अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३चा एक शोधनिबंध बराच गाजला. बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास होता तो. त्यातले सरावाचे तासच पुढे लोकांच्या तोंडी राहिले. पण त्या लेखातला सराव म्हणजे नेमकी कमतरता हेरून बेतलेला, चूक लगेच कळेल असा सराव होता, आणि ती चूक दाखवायला शिक्षक होते. एकट्याने शिकणाऱ्याकडे नसते ती हीच गोष्ट. तेव्हा शिक्षकाची ती एक जागा कशाने भरायची, हा या लेखाचा विषय.

आधी खात्री करा

शेवटची दहा चित्रं जमिनीवर ओळीने मांडा. उभं राहून बघा. प्रत्येकात जी एक गोष्ट सगळ्यात जास्त खटकते तिथे लाल फुली मारा. एकच, दोन नाही. फुल्या जर दहा वेगवेगळ्या ठिकाणी पडल्या तर तुम्हाला हा आजार नाहीच; तुम्ही नवशिके आहात एवढंच, काढत राहा. सहा-सातांत फुली एकाच जागी आली तर पुढे वाचा.

चित्रं मूळ संदर्भाशेजारी ठेवून बघावी लागतात, हे वेगळं सांगायला नको. ज्यांचा संदर्भच ठेवला नाही, ती चित्रं या कामाला निरुपयोगी. मनाने काढलेल्या चित्रांचंही तेच, ताडून बघायला उत्तरच नसतं. चिकट चूक घालवायची असेल तर तेवढ्यापुरते असे विषय घ्या ज्यांचं उत्तर समोर आहे: एखादी वस्तू, फोटो, किंवा दुसऱ्या कुणाचं चांगलं रेखाटन. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८०मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं, तेव्हा त्याने शार्ल बार्गच्या अभ्यासासाठी छापलेल्या रेखाटनांच्या नकला पुन्हा पुन्हा केल्या. आणि १८९०मध्ये, शेवटच्या वर्षात, तो त्याच संचाकडे परत गेला. नक्कल म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, पण नकलेइतकी सरळ तपासता येणारी गोष्ट दुसरी नाही.

पहिला संशयित: बसण्याची जागा

नजरेला आणि हाताला दोष देण्याआधी टेबल तपासा. याला दहा मिनिटं लागतात आणि कितीतरी जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

संदर्भ समोर उभा आणि कागद टेबलावर आडवा असेल तर कागदाची वरची कड डोळ्यापासून लांब असते. तिरक्या नजरेतून कागद आखूड दिसतो. तो आखूड दिसणारा कागद आपण समोरच्या वस्तूशी जुळवतो, म्हणजे नकळत उभं माप ताणतो. कागद भिंतीला टेकवून उभा केला की चेहरा लांबट, वरचा भाग जास्तच मोठा. चित्र काढताना बरोबर वाटलं आणि उचलून बघितलं की बिघडलं, असा तुमचा अनुभव असेल तर खूण पटली म्हणून समजा. उपाय: कागद पाटीवर लावून पाटी तिरपी करा, नजर कागदावर शक्यतो सरळ पडेल इतकी. संदर्भही आडवाच, कागदाशेजारी त्याच पातळीवर ठेवला तर दोन्ही सारखेच आखडतात आणि चूक बरीचशी फिटते. पण वस्तू बघून काढताना ती सोय नसते.

कलणाऱ्या आकृतींसाठी: कागद छातीसमोर आहे का, की हाताच्या बाजूला सरकलाय? मान वाकडी करून बसता का? दोन्ही सरळ करा आणि एक चित्र काढा. कल गेला तर इथेच थांबा. नाही गेला तर कागदाच्या कडेला समांतर एक फिकट उभी रेघ आधीच मारून ठेवा आणि समोर दोऱ्याला वजन बांधून ओळंबा सोडा. नाकाच्या टोकाखाली उभ्या रेषेत नेमकं काय येतं, टाच की बोटं, हे ओळंबा सांगतो. अंदाजाला तिथे जागाच उरत नाही.

माझं टेबल निर्दोष निघालं. वाईट वाटलं. पाटी तिरपी करून डोळा बरा होईल अशी आशा होती.

डोळा चुकतो की हात?

ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. ज्या फोटोवरून चित्र बिघडलं, त्यावर पारदर्शक कागद ठेवून तेच चित्र गिरवा. खिडकीच्या काचेवर धरलं तरी चालेल. घाई न करता गिरवा. मग बिघडलेलं मूळ चित्र दुसऱ्या दिवशी संदर्भाशेजारी ठेवा आणि काहीही न मोजता नुसत्या नजरेने चूक सापडते का बघा.

गिरवलेलंही वेडंवाकडं आलं तर दोष हाताचा. हे क्वचित होतं. डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी १९९७मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता, की बहुतेक लोकांना दिसतं ते काढता का येत नाही. त्यांच्या निष्कर्षात हाताच्या कौशल्याचा वाटा किरकोळ निघाला. मुख्य दोष समोरच्या वस्तूबद्दल होणाऱ्या चुकीच्या समजाचा. तरीही हात अडखळत असेल तर रोज दहा मिनिटं दोन टिंबं देऊन ती एका रेघेत जोडा. आधी पेन्सिल न टेकवता हवेतच हात दोन-तीनदा फिरवा, मग रेघ मारा. लांब रेघ मनगटातून नाही, खांद्यातून. मनगट टेकलेलं असलं की ते खुंट्यासारखं काम करतं आणि रेघ कमानीसारखी वळते. हाताबद्दल इतकंच, बाकी तो सरावाने सुधारतो.

गिरवलेलं ठीक आलं आणि दुसऱ्या दिवशी चूक नुसत्या नजरेला लगेच दिसली, तर नजर चांगली आहे. तुम्ही काढताना कमी बघता. कोहेन यांचाच २००५चा एक अभ्यास आहे, ज्याचा गाभा ‘थोडं बघा, पण वारंवार बघा’ असा सांगता येईल: संदर्भाकडे जास्त वेळा नजर टाकणाऱ्यांची चित्रं जास्त अचूक निघाली. दहा सेकंद बघून मिनिटभर काढत बसलं की ते अख्खं मिनिट आठवणीवर चालतं, आणि आठवणीत त्या माणसाचा डोळा नसतो. तिथे ‘डोळा’ नावाची ठरलेली खूण असते, बदामी आकार, मध्ये गोल, वर चार पापण्या. कुणाला तरी शेजारी बसवून तुम्ही मिनिटात किती वेळा मान वर करता ते मोजायला सांगा. मला सांगितलेला आकडा इतका लाजिरवाणा होता की तो इथे देत नाही. उपाय साधा आहे, अंगवळणी पडायला मात्र महिना जातो: संदर्भ कागदाच्या इतक्या जवळ ठेवा की मान न हलवता नुसती बुबुळं फिरवून दोन्ही दिसतील, आणि एका रेघेसाठी किमान एकदा वर बघा.

तिसरी शक्यता उरली. गिरवलेलं ठीक, पण चूक दुसऱ्या दिवशीही दिसत नाही. चित्र संदर्भावर ठेवून बघितल्यावरच कळते. मी यात मोडते, आणि वर्षानुवर्षं न जाणाऱ्या चुका मला तरी बहुतेक इथल्याच वाटतात.

माहिती नजरेच्या आड येते तेव्हा

पेल्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं. समोर दिसत असतो तो चपटा लंबगोल. मेंदू या दोघांमध्ये तडजोड करतो आणि जे दिसतं त्यापेक्षा थोडं गोल काढायला लावतो. बूड टेबलावर सपाट बसलंय हेही माहीत असतं, म्हणून तिथे सरळ रेघ येते. खरं तर नजर वरून पडत असेल तर बुडाची कमान तोंडाच्या कमानीपेक्षाही थोडी जास्त वाकलेली दिसते. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१मध्येच दाखवलं होतं, की तिरक्या ठेवलेल्या चकतीचा दिसणारा आकार लोक खऱ्या आकाराच्या दिशेने ओढून सांगतात. एरवी ही मेंदूची मोठी सोय आहे. दार उघडताना दर क्षणी त्याचा आकार बदलतोय असं वाटलं असतं तर चालणं मुश्कील झालं असतं. फक्त चित्र काढताना ही सोय नडते.

माझा पलीकडचा डोळा त्याच जातीचा. दोन्ही डोळे सारखे असतात हे मला ठाऊक, म्हणून वळलेल्या चेहऱ्यातही मी ते सारखेच काढायचे. डोळे कपाळात चढण्याचा रोगही याचाच भाऊबंद. मोठ्या माणसाच्या डोक्याची पूर्ण उंची घेतली तर डोळे साधारण मध्यावर येतात. पण आपलं लक्ष डोळे-नाक-तोंड यांच्यावर असतं, कपाळ आणि केस ‘रिकामी जागा’ म्हणून आखडतात आणि डोळे वर सरकतात.

यावर ‘मोजून काढा’ असं सगळेच सांगतात. हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल नजरेला काटकोनात, टोकापासून अंगठ्यापर्यंत माप. कोपर ताठच का, तर पेन्सिलचं डोळ्यापासूनचं अंतर बदललं की माप बदलतं. हे सगळं मी करून पाहिलं. मोजलं की चित्र बरोबर यायचं, न मोजता काढलं की डोळा पुन्हा मोठा. म्हणजे मापाने चित्र सुधारत होतं, मी नाही.

फरक पडला तो एका छोट्या बदलाने. मोजण्याआधी अंदाज लिहायचा. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मी लिहू लागले: पलीकडचा डोळा जवळच्याच्या किती पट? अंदाज: जवळपास सारखा. मग मोजायचं. माप: पाऊणपट. दोन्ही आकडे शेजारी शेजारी. त्या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच मला शिक्षकाने दिला असता तो शेरा, आणि तो चित्र सुरू व्हायच्या आधी मिळतो. आधी अंदाज बांधला नाही तर माप ही नुसती कुबडी होते. नजरेला आपण चुकलो हे कधी कळतच नाही. पहिले पंधरा दिवस माझा अंदाज दर वेळी एकाच दिशेने चुकत होता. नंतर तो मापाच्या जवळ सरकायला लागला आणि तेव्हा चित्रंही न मोजता सुधारली.

एका वेळी एकच प्रश्न ठेवा, आणि तो तुमच्या लाल फुलीचाच. पेला बिघडत असेल तर: तोंडाची रुंदी दहा धरली तर उंची किती? चेहरा असेल तर: हनुवटीपासून डोळ्यांपर्यंतचं आणि डोळ्यांपासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर, कुठलं जास्त? सगळंच मोजायला निघालात तर आठवड्यात कंटाळाल.

याच दोषावर आणखी दोन जुने उपाय चालतात. एक, वस्तूऐवजी तिच्या भोवतीची मोकळी जागा काढायची; कानाखाली, मानेशेजारी राहणाऱ्या त्या वेड्यावाकड्या तुकड्याला नाव नसतं, त्यामुळे त्याबद्दल आधीची समजूतही नसते. दुसरा, संदर्भ उलटा ठेवून काढणं. यामागे मेंदूच्या उजव्या-डाव्या बाजूचं जे स्पष्टीकरण चिकटवलं जातं त्यावर माझा फारसा विश्वास नाही. उलट्या चेहऱ्यातला डोळा ‘डोळा’ म्हणून चटकन ओळखू येत नाही, एवढं कारण मला पुरतं.

तपासणी केव्हा करायची

माझ्या एका वहीत एका चेहऱ्याची पलीकडची पापणी आहे. केसन् केस वेगळा, खालच्या पापणीवर ओलसर चमक. दोन तास लागले होते. ती बोटभर चुकीच्या जागी आहे आणि हे मला एका तासानंतरच कळलं होतं. पण तोवर इतकं सुंदर झालेलं खोडायला हात धजेना. उरलेला तास मी चूक सजवण्यात घालवला.

म्हणून आता पहिली तपासणी पाचव्या मिनिटाला. तेव्हा कागदावर फक्त फिकट कच्च्या रेघा असतात आणि खोडायला दुःख होत नाही. फोनवर गजर लावते, कारण स्वतःहून मी थांबत नाही. त्या वेळी तीन जागा निवडायच्या, समजा दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि हनुवटी, आणि त्यांचा त्रिकोण मनात जोडायचा. संदर्भातला त्रिकोण आणि कागदावरचा त्रिकोण एकाच आकाराचे आहेत का? आकृतीपेक्षा त्रिकोण ताडून बघणं सोपं जातं. दुसरी तपासणी छटा भरायच्या आधी, आरशात. चित्र आरशात बघून दोष हेरावेत असा सल्ला लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत दिला आहे. उलटं दिसलं की ते दुसऱ्या कुणीतरी काढल्यासारखं वाटतं आणि सवयीमुळे झाकलेली चूक उघडी पडते. फोनवर फोटो आडवा पलटवला तरी तेच काम होतं.

शेवटची तपासणी चित्र झाल्यावर: चित्राचा फोटो काढून तो अर्धपारदर्शक करायचा आणि संदर्भावर ठेवायचा. इथे दोन फसगती आहेत. फोन जरा तिरका धरला की बरोबर चित्रही चुकलेलं दिसतं, तेव्हा कॅमेऱ्यातली जाळी (ग्रिड) चालू करून कागदाच्या कडा तिच्याशी समांतर ठेवा. आणि वस्तू किंवा माणूस समोर बसवून काढलेलं चित्र फोनच्या फोटोशी ताडू नका. फोन जवळ धरला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, तुम्ही बसला होता तिथून ते तसे दिसत नव्हते. ताडताना एक डोळा आणि हनुवटी अशा दोन जागा जुळवा आणि बाकी किती सरकलंय ते बघा. सरकलेलं दिसलं की तेच चित्र दुरुस्त करत बसू नका. चूक शब्दांत लिहा, ‘पलीकडचा डोळा रुंद आणि वर’, आणि नवीन कागदावर तेवढाच भाग पुन्हा काढा.

माणसांना विचारायचं तर

‘कसं झालंय?’ असं विचारलं की ‘छान’ असं उत्तर येतं. त्यात विचारलेल्याचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. संदर्भ आणि चित्र शेजारी ठेवून विचारा: ‘या दोन्हींत कुठली एक गोष्ट सगळ्यात जास्त वेगळी दिसते?’ चित्रकलेतलं ओ की ठो न कळणारा माणूसही याचं उत्तर देऊ शकतो, कारण त्याची नजर तुमच्या सवयीने बधिर झालेली नसते. दोघांना वेगवेगळं विचारा. दोघांनी एकच जागा दाखवली तर वाद न घालता तिथे मोजा. वेगवेगळ्या दाखवल्या तर दोन्हींकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. जाणकाराचा वेळ मिळत असेल तर त्याला एक पूर्ण चित्र दाखवण्यापेक्षा एकाच चुकीची पाच चित्रं दाखवा. एका चित्रावरून तो त्या चित्राबद्दल बोलेल, पाचांवरून तुमच्याबद्दल.

उपाय लागू पडतोय हे कसं ओळखायचं

चूक हळूहळू लहान होत जाईल अशी माझी कल्पना होती. तसं झालं नाही. महिन्याभराने माझा पलीकडचा डोळा एकदम बारीक यायला लागला, मिचकावल्यासारखा. मी हबकले. पण अंदाज आणि मापाच्या नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं, की आधीच्या चुकीच्या धास्तीने आता मी उलटीकडे झुकत होते. चूक दिशा बदलते ही चांगली खूण आहे. त्या जागेकडे आता नजर जातेय असा त्याचा अर्थ. तेव्हा उपाय बदलू नका, फक्त मोजणं थोडं वाढवा. दोन-तीन आठवड्यांत ती मध्यावर येते.

दुसरा त्रास असा होतो की चित्रं ताठर होतात. सारखं मोजमाप चालू असलं की रेघेतला जीव जातो. त्यासाठी बसण्याच्या वेळेचे मी दोन भाग केलेत: पहिल्यात मापं आणि नोंदी, दुसऱ्यात हवं ते, हवं तसं, कुठलीही फुली नाही. दुसऱ्या भागातली चित्रं महिनाभर तपासायची नाहीत असं बंधन स्वतःवर घातलंय, आणि ते मी बहुतेक वेळा मोडते.

पलीकडचा डोळा आता लाल फुलीत येत नाही. मागच्या महिन्यात दहा चित्रं पुन्हा जमिनीवर मांडली, तेव्हा सात फुल्या डोक्याच्या मागच्या भागावर पडल्या. बाजूने बघितलं तर डोक्याची पुढून मागे खोली त्याच्या उंचीच्या जवळपास जाते, आणि मी दर वेळी कवटी मागून कापल्यासारखी काढते. सध्या वहीच्या वरच्या कोपऱ्यात रोज एकच ओळ असते. काल होती: डोक्याची खोली उंचीच्या किती पट? अंदाज दोन तृतीयांश, माप पाऊणपटीपेक्षा बरंच जास्त.